डायलिसिसचे यंत्र होते, पण रुग्ण वाचत नव्हते : डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी काय केले

दोन्ही किडन्या कायमच्या निकामी झालेला माणूस आज डायलिसिसच्या आधारावर वर्षानुवर्षे जगतो, अनेकदा नोकरीही करतो आणि मुलाबाळांची लग्ने पाहतो. १९६० पूर्वी हे शक्य नव्हते. डायलिसिसचे यंत्र मात्र तेव्हा अस्तित्वात होते आणि त्याला सतरा वर्षे होऊन गेली होती. यंत्र असूनही या रुग्णांना ते वाचवू का शकत नव्हते आणि अमेरिकेतील सिएटल शहरातल्या एका प्राध्यापक डॉक्टरने ही अडचण कशी सोडवली, हे समजून घेतले की आजच्या डायलिसिसमधल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी किडनीचे काम पाहू. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा भाग शरीराला परत देतात आणि उरलेला साधारण दीड लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. या प्रक्रियेत युरिया आणि क्रिएटिनीनसारखा कचरा निघून जातो, शिवाय शरीरातले पाणी, मीठ, पोटॅशियम आणि आम्लता यांचे प्रमाण योग्य राखले जाते. किडन्या बंद पडल्यावर सर्वांत तातडीचा धोका बहुधा पोटॅशियमचा आणि साठलेल्या पाण्याचा असतो, कारण पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि पाणी साठले तर फुप्फुसे भरून येऊन श्वास कोंडतो.

हे काम शरीराबाहेर करून दाखवणारे पहिले उपयुक्त यंत्र विलेम कोल्फ या डच डॉक्टरने १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, काम्पेन या छोट्या गावातील रुग्णालयात तयार केले. सॉसेज भरण्यासाठी वापरली जाणारी सेलोफेनची लांब नळी त्यांनी फिरत्या पिंपाभोवती गुंडाळली, तिच्यातून रुग्णाचे रक्त सोडले आणि पिंपाचा खालचा भाग क्षारयुक्त पाण्यात बुडवून ठेवला. सेलोफेनला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. रक्तातील युरियाचे लहान कण त्यातून पलीकडे जातात, कारण कोणताही विरघळलेला पदार्थ दाट बाजूकडून विरळ बाजूकडे पसरतो, तर रक्तपेशी आणि प्रथिने मोठी असल्यामुळे अलीकडेच राहतात. डायलिसिसचे तत्त्व एवढेच आहे आणि आजच्या यंत्रातही तेच वापरले जाते. कोल्फ यांचे सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री मात्र या उपचारामुळे शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली.

खरी अडचण यंत्राच्या अलीकडे होती. डायलिसिससाठी मिनिटाला दोनशे-तीनशे मिलिलिटर रक्त शरीरातून बाहेर यावे लागते आणि तेवढेच परत जावे लागते. रक्त तपासणीसाठी आपण हाताच्या ज्या शिरेतून रक्त देतो, तिच्यात एवढा प्रवाह नसतो. त्यामुळे त्या काळी दर वेळी शस्त्रक्रिया करून एक धमनी आणि एक शीर उघडी करावी लागे, त्यांत काचेच्या किंवा धातूच्या नळ्या घालाव्या लागत आणि उपचार संपला की त्या रक्तवाहिन्या बांधून टाकाव्या लागत. बांधलेली रक्तवाहिनी पुन्हा उपयोगात येत नसे. हातापायांतल्या सोयीच्या जागा मोजक्याच असल्यामुळे काही वेळा डायलिसिस झाले की सुई किंवा नळी घालायला जागाच उरत नसे. म्हणून हा उपचार ज्यांच्या किडन्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप बऱ्या होण्याची शक्यता असे, अशाच रुग्णांसाठी राखून ठेवला जाई : युद्धात जखमी झालेले सैनिक, चुकीचे रक्त चढवले गेलेले रुग्ण, बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रिया. ज्यांची किडनी कायमची गेली आहे, त्यांना यंत्र लावणे म्हणजे मरण थोडे लांबवणे, असे तेव्हाच्या जाणकारांचे प्रामाणिक मत होते.

बेल्डिंग स्क्रिब्नर यांचा जन्म १९२१ मध्ये शिकागोत झाला. स्टॅनफर्डमधून १९४५ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते पुढील शिक्षणासाठी मेयो क्लिनिकमध्ये गेले आणि १९५१ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाले. हे वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा अगदी नवे होते. शरीरातील पाणी आणि क्षारांचे संतुलन हा त्यांचा अभ्यासाचा आणि शिकवण्याचा विषय होता, आणि या विषयाचा माणूस डायलिसिसकडे वळणे स्वाभाविक होते. १९५८ पासून १९८२ पर्यंत ते तेथील किडनीविकार विभागाचे प्रमुख होते. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना कॉर्नियाचे प्रत्यारोपण करून घ्यावे लागले होते. तब्येतीने ते पहिल्यापासून नाजूक होते, आणि दुसऱ्याच्या दुखण्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्यातूनच घडली असावी, असे मला वाटते.

१९६० च्या सुरुवातीला त्यांच्याकडे स्पोकेन शहराचा एक रुग्ण आला. किडनी तात्पुरती बंद पडली असावी या समजुतीने त्याला डायलिसिस दिले आणि मरणाच्या दारात असलेला तो माणूस उठून बसला. मग तपासणीत कळले की त्याच्या किडन्या कायमच्या गेल्या आहेत. आता उपचार थांबवण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्याच्या पत्नीला सांगण्याची वेळ स्क्रिब्नर यांच्यावर आली. रुग्णाला घरी पाठवले आणि तो वारला. यंत्राने बरे वाटलेल्या माणसाला केवळ नळी घालायला जागा नाही म्हणून मरू द्यावे लागते, ही गोष्ट स्क्रिब्नर यांच्या मनातून जाईना. त्यानंतर काही दिवसांनी एका रात्री ते झोपेतून जागे झाले, ते उत्तर घेऊनच : नळ्या काढायच्याच नाहीत. एक नळी धमनीत, एक शिरेत कायमची ठेवायची आणि दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत त्या दोन्हींची बाहेरची टोके एका वाकड्या नळीने एकमेकांना जोडून द्यायची.

या एका कल्पनेत दोन प्रश्नांची उत्तरे होती. रक्तवाहिनी बांधावी लागत नसल्यामुळे ती वाया जात नव्हती. दुसरे म्हणजे, वाहते पाणी जसे शेवाळत नाही, तसे धमनीतून शिरेकडे सतत वाहत राहिलेले रक्त नळीत सहजासहजी गोठत नव्हते. अशी कल्पना स्वीडनमधील नील्स अल्वाल यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी करून पाहिली होती, परंतु त्यांच्या काचेच्या नळ्यांत रक्ताच्या गुठळ्या होत. रक्त परक्या पृष्ठभागाला चिकटले की गोठण्याची साखळी सुरू होते, म्हणून रक्त जिला चिकटणार नाही अशी वस्तू हवी होती. विद्यापीठातील लोरेन विंटरशाइड या शल्यचिकित्सकाने टेफ्लॉनचे नाव सुचवले. आज आपल्या नॉनस्टिक तव्यावर जो थर असतो, तोच हा पदार्थ. तो १९३८ मध्ये अमेरिकेत योगायोगाने सापडला होता आणि तोपर्यंत त्याचा उपयोग प्रामुख्याने उद्योगांत होत असे.

टेफ्लॉनची नळी वाकवणे सोपे नसते. हे काम वेन क्विंटन या अभियंत्याने केले. विद्यापीठाच्या रुग्णालयात उपकरणे तयार करणे आणि दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय होता. हृदयाच्या तपासणीसाठी आपल्याकडे सर्रास केल्या जाणाऱ्या टीएमटी चाचणीचे ट्रेडमिलही रुग्णालयात वापरता येईल अशा स्वरूपात याच क्विंटन यांनी तयार केले होते. त्यांनी बारीक टेफ्लॉन नळीला ऊब देऊन आकार दिला, डेव्हिड डिलार्ड या शल्यचिकित्सकाने ती हातात बसवली आणि ९ मार्च १९६० रोजी क्लाइड शील्ड्स या बोइंग कारखान्यातील ३९ वर्षांच्या यंत्रकामगारावर तिचा पहिला प्रयोग झाला. तेव्हा शील्ड्स अखेरच्या अवस्थेत होते. त्यानंतर ते ११ वर्षे जगले आणि १९७१ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने वारले.

कल्पना सुचल्यापासून ती माणसाच्या हातात बसेपर्यंत गेलेला काळ आठवड्यांत मोजण्याइतका थोडा होता. आज नवे उपकरण रुग्णापर्यंत पोहोचायला वर्षे लागतात आणि सुरक्षिततेसाठी ते योग्यही आहे. परंतु विद्यापीठाच्या एकाच आवारात डॉक्टर, शल्यचिकित्सक आणि कारागीर अभियंता एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते, हा या घटनेतला निर्णायक भाग आहे, असे माझे मत आहे. एकट्या स्क्रिब्नर यांना ती नळी करता आली नसती आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. एप्रिल १९६० मध्ये, म्हणजे पहिल्या रुग्णाला जेमतेम महिना झाला असताना, त्यांनी अटलांटिक सिटी येथील परिषदेत आपले तंत्र इतर डॉक्टरांसमोर मांडले आणि पुढे शिकायला येणाऱ्यांसाठी विभागाचे दार उघडे ठेवले.

ही नळी वापरणाऱ्या रुग्णाचे रोजचे जगणे कसे होते, तेही पाहण्यासारखे आहे. मनगटाच्या वर त्वचेतून दोन टोके बाहेर आलेली असत आणि त्यांवर पट्टी बांधलेली असे. पट्टीला दोन छोटे चिमटे अडकवून ठेवलेले असत, कारण जोड चुकून निसटला तर धमनीतले रक्त जोरात बाहेर येई आणि रुग्णाला स्वतःच ते चिमटे तत्काळ लावावे लागत. नळीतले रक्त लालभडक दिसते आहे का आणि नळी हाताला कोमट लागते आहे का, हे तो दिवसातून अनेकदा पाही. नळी गार पडली किंवा रक्त काळसर दिसू लागले, तर ते गोठले असे समजून रुग्णालय गाठावे लागे. टेफ्लॉन कडक असल्यामुळे रक्तवाहिनीला आतून इजा होई, म्हणून १९६२ पासून टोके टेफ्लॉनची आणि मधला भाग मऊ सिलिकॉन रबराचा, अशी सुधारणा झाली. त्वचेतून आत जाणाऱ्या जागी जंतुसंसर्ग होण्याचा त्रास मात्र शेवटपर्यंत राहिला.

म्हणूनच १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील जेम्स चिमिनो, मायकल ब्रेशिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला मार्ग पुढे जगभर रूढ झाला. त्यांनी मनगटाजवळची धमनी आणि शीर त्वचेखालीच एकमेकांना जोडली. धमनीच्या दाबाचे रक्त शिरेत शिरल्यामुळे ती काही आठवड्यांत जाड आणि रुंद होते आणि मग तिच्यातच दर वेळी दोन सुया टोचून डायलिसिस करता येते. आपल्याकडे याला सगळे फिस्ट्युला म्हणतात. फिस्ट्युलावर बोटे ठेवली की सतत एक थरथर जाणवते आणि ती थांबली तर लगेच डॉक्टरांना कळवायचे असते, हे प्रत्येक डायलिसिसच्या रुग्णाला शिकवले जाते. त्या हाताचा रक्तदाब मोजायचा नाही आणि त्या हातातून रक्ताचा नमुना द्यायचा नाही, हा नियमही त्यासाठीच आहे. स्क्रिब्नर यांची नळी आता जवळजवळ इतिहासजमा झाली आहे. तिने सिद्ध केलेली गोष्ट मात्र टिकली : रक्तवाहिनीपर्यंत पुन्हापुन्हा पोहोचण्याची सोय झाली, तर किडनीशिवाय माणूस अनेक वर्षे जगतो.

शील्ड्स आणि त्यांच्यानंतरचे रुग्ण जगू लागले, तसे नवे प्रश्न पुढे आले, कारण किडनीशिवाय इतका काळ जगलेला माणूस त्याआधी कोणी पाहिलेलाच नव्हता. रक्तदाब भयंकर वाढलेला असे. औषधांपेक्षा मीठ कमी करून आणि डायलिसिसमध्ये साठलेले पाणी काढून तो आटोक्यात येतो, हे सिएटलमध्येच स्पष्ट झाले. आज डायलिसिसच्या केंद्रात ‘ड्राय वेट’ (साठलेले जास्तीचे पाणी काढून टाकल्यावरचे वजन) किती आणि आज किती पाणी काढायचे, ही जी चर्चा रोज होते, तिचे मूळ येथे आहे. रुग्णांच्या पायांच्या नसा बधिर होऊ लागल्या, तेव्हा आठवड्यात दिले जाणारे डायलिसिस अपुरे पडते आहे, हे लक्षात आले आणि आठवड्यातून तीनदा उपचार देण्याची पद्धत हळूहळू रुळली. पोटाच्या आतल्या पडद्यातून डायलिसिस करणाऱ्या रुग्णांच्या रक्तात युरिया जास्त असूनही त्यांच्या नसा तुलनेने बऱ्या राहतात, या निरीक्षणावरून स्क्रिब्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा तर्क मांडला की युरियापेक्षा मोठ्या आकाराचे कणही विषारी असतात आणि ते निघायला जास्त वेळ लागतो. पोटाच्या डायलिसिससाठी आजही वापरली जाणारी नळी हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये त्याच विद्यापीठात तयार केली.

सर्वांत अवघड प्रश्न वैद्यकीय नव्हता. उपचार महाग होता, खाटा थोड्या होत्या आणि विद्यापीठाचे रुग्णालय अधिक रुग्ण घ्यायला तयार नव्हते. हार्टफर्ड फाउंडेशनच्या अनुदानातून आणि स्थानिक वैद्यकीय संघटनेच्या मदतीने जानेवारी १९६२ मध्ये सिएटलमध्ये रुग्णालयाबाहेरचे स्वतंत्र डायलिसिस केंद्र सुरू झाले. अशा प्रकारचे ते जगातील पहिले केंद्र होते आणि तेथे खाटा होत्या तीन. वैद्यकीय दृष्ट्या योग्य ठरलेल्या रुग्णांतून कोणाला घ्यायचे, हे ठरवण्यासाठी सात नागरिकांची समिती नेमली गेली आणि त्यांची नावे गुप्त ठेवली गेली. त्यांत एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकर, एक गृहिणी, एक कामगार नेता, एक सरकारी अधिकारी आणि एक शल्यचिकित्सक होते. लहान मुले आणि ४५ वर्षांवरील माणसे आधीच वगळलेली होती. उरलेल्यांचे वय, लग्न, अवलंबून असलेली माणसे, उत्पन्न, शिक्षण, मनाची स्थिरता, समाजातील काम अशा गोष्टी पाहून समिती निर्णय करी. नोव्हेंबर १९६२ मध्ये शाना अलेक्झांडर या पत्रकार स्त्रीने ‘लाइफ’ साप्ताहिकात हे सगळे उघड केले आणि देशभर वाद उसळला. कोण जगायला अधिक लायक आहे, हे मध्यमवर्गीय शेजाऱ्यांच्या नजरेने ठरवणे अन्यायाचे होते, यात मला शंका वाटत नाही. तरीही त्या सातजणांनी एक ओझे उचलले होते, जे बाकीच्या समाजाने पाहण्याचेही टाळले होते. वैद्यकीय नीतिशास्त्राचा इतिहास लिहिणारे अनेक अभ्यासक आपल्या विषयाची सुरुवात या समितीपासून धरतात.

स्क्रिब्नर यांनी या प्रश्नावर भाषणे दिलीच, पण उपचार स्वस्त कसा होईल, याच्याही मागे ते लागले. पूर्वी डायलिसिसचे द्रावण मोठ्या टाकीत आधी कालवून ठेवावे लागे. एका वेळच्या डायलिसिसला आज शंभराहून अधिक लिटर द्रावण लागते, यावरून त्या खटाटोपाची कल्पना यावी. शिवाय त्यातले बायकार्बोनेट (रक्तातली आम्लता कमी करणारा क्षार) आणि कॅल्शियम दाट अवस्थेत एकत्र ठेवले, तर साका खाली बसतो. १९६४ मध्ये या गटाने बायकार्बोनेटऐवजी ॲसिटेट वापरून पाहिले, कारण शरीर ॲसिटेटचे स्वतःच बायकार्बोनेट करून घेते. त्यामुळे दाट द्रावण बाटलीत भरून ठेवणे आणि ऐन वेळी पाण्यात मिसळणे शक्य झाले. ॲसिटेटने काही रुग्णांचा रक्तदाब उतरतो आणि मळमळते, म्हणून पुढे यंत्रे सुधारल्यावर बायकार्बोनेट परत आले. तोपर्यंत या बदलाने फार मोठे काम करून टाकले होते.

द्रावण आपोआप मिसळणारे यंत्र विद्यापीठातील अणुअभियांत्रिकीचे प्राध्यापक लेस बॅब यांनी तयार केले. त्यांच्या परिचयातील एका कुटुंबातली किशोरवयीन मुलगी किडनीच्या आजाराने मरणपंथाला लागली होती आणि वयाच्या अटीमुळे समितीने तिला नाकारले होते. बॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही महिने झटून एका रुग्णापुरते, घरात ठेवता येईल असे यंत्र बनवले. ते द्रावण स्वतः मिसळी, त्याचे तापमान आणि दाटपणा तपासत राही आणि काही बिघडले तर इशारा देई, त्यामुळे रात्री झोपेत डायलिसिस करणे शक्य झाले. १९६४ मध्ये त्या मुलीचे उपचार घरी सुरू झाले आणि समितीच्या निकालानंतर ती आणखी काही वर्षे जगली. आज डायलिसिस केंद्रात प्रत्येक खाटेशेजारी उभे असलेले यंत्र त्या घरगुती यंत्राच्याच वंशातले आहे. सिएटलच्या पथकाकडून शिकून घरी डायलिसिस करणाऱ्या अगदी पहिल्या रुग्णांत मद्रासचे एक व्यावसायिक होते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

अमेरिकेत ३० ऑक्टोबर १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यानुसार किडनी निकामी झालेल्या बहुतेक सर्व रुग्णांचा खर्च पुढच्या वर्षीच्या जुलैपासून सरकारी मेडिकेअर योजनेतून होऊ लागला आणि निवड समितीची गरज संपली. याचा एक परिणाम स्क्रिब्नर यांना खटकणारा होता. कायद्यापूर्वी त्या देशातले सुमारे ४० टक्के रुग्ण घरी डायलिसिस करीत होते. नंतर नफ्यासाठी चालवलेली केंद्रे वाढली, घरचे डायलिसिस मागे पडले आणि उपचाराचा वेळही आखडता घेतला जाऊ लागला. या केंद्रांवर त्यांनी उघड टीका केली. दरम्यान आतडे निकामी झालेल्यांना शिरेतून दीर्घकाळ अन्न देण्यासाठीची नळी त्यांच्या गटातील जॉन ब्रोव्हिॲक यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली होती. कर्करोगाच्या उपचारात वापरली जाणारी हिकमन नळी ही तिचीच पुढची आवृत्ती आहे. २००२ मध्ये स्क्रिब्नर आणि कोल्फ यांना वैद्यकीय संशोधनासाठी दिला जाणारा लास्कर पुरस्कार विभागून मिळाला, आणि जून २००३ मध्ये सिएटलमध्ये, जेथे ते होडीवरच्या घरात राहत, तेथेच पाण्यात बुडून स्क्रिब्नर यांचा मृत्यू झाला.

वयाच्या ८१ व्या वर्षीही ते ज्या गोष्टीसाठी भांडत होते, ती आपल्याला आज सर्वांत जवळची आहे. २००२ मध्ये त्यांनी दिमित्रिओस ओरिओपौलोस या किडनीविकारतज्ज्ञासोबत एक साधे गणित मांडले : एका डायलिसिसचे तास घ्यावेत आणि त्यांना आठवड्यातील वेळांच्या वर्गाने गुणावे. चार तासांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा केले, तर चार गुणिले नऊ म्हणजे ३६ येतात. तेच बारा तास दोन-दोन करून सहा दिवसांत वाटले, तर दोन गुणिले छत्तीस म्हणजे ७२ होतात. तास तेवढेच राहूनही आकडा दुप्पट होतो, कारण दोन डायलिसिसमधले अंतर कमी झाले की कचरा आणि पाणी साठायला वेळ मिळत नाही, आणि माणसाची किडनी तर सुट्टी न घेता चोवीस तास काम करते. त्यांच्या मते हा आकडा सत्तरच्या पुढे असायला हवा. ही ढोबळ मोजणी आहे. रुग्णाला स्वतःची लघवी किती होते, त्याचे वजन किती आणि हृदय कसे आहे, यांवर डॉक्टर प्रत्यक्ष वेळापत्रक ठरवतात. भारतात २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाल्यानंतर जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली आणि गरिबांना मोफत उपचार मिळू लागले, ही मोठी गोष्ट आहे. परंतु एसटीचा प्रवास, बुडणारी मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस यांमुळे आपल्याकडे पुष्कळ रुग्ण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस करतात. स्क्रिब्नर यांच्या गणितात चार तासांच्या दोन वेळांचे उत्तर १६ येते.